फरारबाईंचा रोजचा दिवस

मंडळी, स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातलं एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या वाचनात आलेलं आहे. १८४८च्या सुमारास जोतीराव फुले नगरला आले, तिथल्या अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, आणि पुण्याला परतल्यावर भिडेवाड्यात शाळा काढली. स्वतः जोतीरावांनी ‘ज्ञानोदय’च्या सप्टेंबर १८५३च्या अंकात या शाळांचा उल्लेख केला आहे, त्यामुळे ही नुसती दंतकथा नव्हे. पण या वाक्यात फरारबाई येतात त्या एका ओळीपुरत्या. जोतीरावांनी शाळा पाहिली ती एखाद्या दिवशी. त्याआधी वीस वर्षं ही बाई रोज काय करत होती, याबद्दल मला आज बोलायचं आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. मी जुन्या सवयीनं नगर म्हणेन, ते चालवून घ्या.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावचा. अमेरिकन बोर्ड ही बोस्टनची मिशनरी संस्था. तिची माणसं १८१३पासून मुंबईत होती. मुलींच्या शाळांवर देखरेख करायला एक बाई पाठवा, असं त्यांचं मागणं होतं. मिशनऱ्यांच्या बायका शिकवत, पण त्यांना घर होतं, बाळंतपणं होती, आजारपणं होती, आणि त्या लवकर मरतही होत्या. म्हणून बोर्डानं या शिक्षिकेची निवड केली. लग्न न झालेली बाई एकटी समुद्रापार पाठवायची, हे त्या काळात अमेरिकेतही धाडसाचं होतं. १८२७च्या जूनमध्ये बोस्टनहून जहाज निघालं. सुएझचा कालवा व्हायला अजून चार दशकं होती, त्यामुळे सगळा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून. वर्ष संपता संपता त्या मुंबईत उतरल्या. वय बत्तीस.

आता त्यांच्या कामाकडे या. मिशनची मुलींची शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक इमारत येते, फळा येतो, बाकं येतात, आणि पुढे उभी राहून शिकवणारी गोरी बाई येते. तसं काही नव्हतं. शाळा म्हणजे कुणाच्या तरी घराची भाड्यानं घेतलेली ओसरी. खाली बसलेल्या पंधरा-वीस मुली. शिकवणारा हिंदू पंतोजी, बहुधा ब्राह्मण. शिकलेली बाई शिक्षिका म्हणून मिळणार कुठून? गावात अशा बायकाच नव्हत्या. अशा अनेक छोट्या शाळा शहराच्या वेगवेगळ्या भागांत असत, आणि त्या सगळ्यांवर फरारबाईंची देखरेख. म्हणजे त्यांच्या दिवसाचा मोठा भाग या ओसरीतून त्या ओसरीत जाण्यात जायचा.

गेल्यावर काय करायचं? आधी पटावरच्या मुली मोजायच्या. पटावर नाव असणं आणि मुलगी समोर असणं यांत फार अंतर होतं. मग वाचून घ्यायचं, अक्षर बघायचं, पाढे विचारायचे, ख्रिस्ती प्रश्नोत्तरं म्हणवून घ्यायची. शिवण हा विषय बाईंचा स्वतःचा. तिथे पंतोजीचा उपयोग नव्हता. पंतोजीचा पगार द्यायचा, त्याची तक्रार ऐकायची, आणि तो मुलींना खरंच शिकवतो की बाई येणार म्हणून तेवढ्यापुरता गोळा करून बसवतो, यावर लक्ष ठेवायचं. मुलींना घरोघर जाऊन बोलावून आणणारी बाई नेमायची पद्धतही तेव्हाच्या मिशन-शाळांत होती. हा सगळा व्यवहार मराठीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली. बाई येऊन तोवर चार वर्षं होत आली होती. त्यांची मराठी तयार झाली ती पंडितापुढे बसून आणि ओसऱ्यांवर मुलींच्या तोंडून ऐकून.

१८२९पर्यंत मुंबईच्या त्या शाळांच्या पटावर चारशेच्या आसपास मुली होत्या असं मिशनच्या नोंदी सांगतात. पैसा काही बोस्टनहून येई, काही मुंबईतल्या इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीतून. वर्गणी मागणं हेही बाईंच्याच दिवसातलं काम, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्यांत नकोसं वाटणारं. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायली मुलंमुली पुष्कळ असत, हेही लक्षात ठेवा. मुंबई आणि कोकणातल्या या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी या शाळांचा फायदा आपल्यापेक्षा लवकर ओळखला.

मुली टिकत का नव्हत्या, यावर थोडं थांबतो. शिकलेली बाई विधवा होते ही समजूत आपल्याला माहीत आहे, पण मला वाटतं की रोजच्या गळतीला तेवढं एकच कारण पुरत नाही. आठ-दहा वर्षांची झाली की मुलीचं लग्न. लग्न झालं की सासर. ज्या वयात वाचन सुरळीत व्हायला लागतं, नेमक्या त्याच वयात मुलगी शाळेतून जाणार. शिवाय धाकट्या भावंडाला सांभाळायचं, पाणी भरायचं, सणवार, लग्नसराई. आणि पटकीची साथ. मिशनचे पहिले पुढारी गॉर्डन हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनंच १८२६ साली गेले होते. साथ आली की शाळा ओस पडायची, आणि ती ओसरल्यावर पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. फरारबाईंनी किती वेळा शून्यातून पट भरला असेल याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण माझ्या मते त्यांच्या आयुष्याचं खरं काम तेच आहे.

प्रकृती ढासळली म्हणून १८३७ साली त्या मायदेशी गेल्या. चाळिशी उलटलेली, दहा वर्षं उष्ण हवेत काढलेली बाई. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. १८३९ साली त्या परत आल्या, आणि या वेळी नगरला.

मुंबई ते नगर हा रस्ता तेव्हा कसा होता? होडीनं पनवेल, तिथून बोरघाट चढून पुणे. घाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३०मध्येच तयार झाला होता. पुण्याहून पुढे सव्वाशे किलोमीटर उघडं माळरान, बैलगाडीनं किंवा पालखीतून. नगरला रेल्वे आली ती त्या गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. वेशींच्या आतलं कोरड्या हवेचं हे गाव, शेजारी किल्ला आणि छावणी. मुंबईत निदान सगळ्या जगाची माणसं दिसत. इथे एकटी गोरी बाई रस्त्यानं निघाली की सगळी पेठ बघणार.

आणि त्या आल्या तो काळ वाईट होता. त्याच १८३९ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरभर गदारोळ झाला. नगरला हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी त्याच साली बाप्तिस्मा घेतला. अशा बातमीनंतर कोणता बाप मुलीला मिशनच्या ओसरीवर पाठवेल? इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. लोकांची भीती खोटी नव्हती. फरारबाई धर्मप्रसारासाठीच आल्या होत्या, त्यांनी ते कधी लपवलं नाही, आणि मुलींना वाचायला शिकवण्यामागे त्यांना बायबल वाचता यावं हाच हेतू होता. काही अभ्यासक हे सांगून थांबतात, काही हे सांगायचंच टाळतात. मला दोन्ही पटत नाही. हेतू त्यांचा होता. अक्षर मात्र एकदा मुलीच्या हातात गेलं की तिचं झालं, आणि आपल्या गावात मुलीच्या हाती अक्षर द्यायला त्या वेळी दुसरं कुणी पुढे आलेलं नव्हतं. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतल्या मुलींची निवासी शाळा बॅलंटाइनबाई, म्हणजे नगरच्या मिशनमधल्या बॅलंटाइन यांच्या पत्नी, चालवत. फरारबाईंकडे होत्या त्या गावातल्या मुलींच्या दिवसाच्या शाळा, म्हणजे ज्यांच्या घरात रोज संशय घेतला जाणार अशा मुली. या घरांचा विश्वास एका भाषणानं मिळत नाही. काल आलेली बाई आज आली, उद्याही आली, पोर संध्याकाळी सुखरूप घरी परतली, एवढ्यावरच तो बसतो.

जोतीराव आले तेव्हा बाईंना नगरला येऊन नऊ-एक वर्षं झाली होती. बरोबर त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे, जे नगरच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांना काय दिसलं? मुली बसलेल्या, वाचणाऱ्या. एवढंच. पण वीस-एकवीस वर्षांच्या त्या तरुणाला ‘मुली शिकू शकतात’ हा युक्तिवाद ऐकायची गरज उरली नाही. डोळ्यांसमोर त्या शिकत होत्या.

आणि फरारबाईंना जे कधी जमलं नाही ते जोतीरावांनी ओळखलं. बाईंनी सगळ्या ओसऱ्या पंतोजींच्या भरवशावर चालवल्या, कारण शिकलेली मराठी बाई नव्हती. जोतीरावांनी ती घरातच तयार केली. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, अध्यापनाचं शिक्षण घेतलं असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मग जी शिक्षिका उभी राहिली ती त्याच भाषेत वाढलेली होती, जातीची आणि चुलीची बंधनं आतून जाणणारी होती, आणि तिला धर्म बदलायचा नव्हता. तिच्यावर शेण फेकणाऱ्यांनाही ‘ही परकी आहे’ असं म्हणता आलं नाही. परदेशी शिक्षिकेची मर्यादा इथे संपली, आणि तिच्या कामाचं मोल मला इथेच सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

फरारबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या नाहीत. १८६२च्या जानेवारीत, सहासष्टाव्या वर्षी, त्या नगरलाच वारल्या.

आता माझी एक विनंती आहे. मिशनच्या अहवालांत मुलींचे आकडे आहेत, शिवणाचं कौतुक आहे, पण मुलींची नावं फारशी नाहीत. त्या ओसऱ्यांवर बसलेल्या शेकडो मुली पुढे कुणाच्या तरी आज्या-पणज्या झाल्या. नगरच्या जुन्या पेठांतली, मिशन कंपाउंडातली माणसं इथे बसली आहेत. घरात जुनी वही असेल, ‘ज्ञानोदय’चे अंक असतील, ‘आमची खापरपणजी वाचायची’ अशी नुसती ऐकीव गोष्ट असेल, तरी ती लिहून काढा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईला वाचता येत होतं, तर ती कुठे शिकली हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. ही सांगणारी माणसं आता थकत चालली आहेत.