टवक्याखालचं लोखंड

[दृश्य: जुन्या इमारतीतलं न्हाणीघर. पांढरा बाथटब. कॅमेरा पाणी जाण्याच्या जाळीकडे सरकतो.]

निवेदन:
१९३० च्या दशकापासून मुंबईत ओव्हल मैदानाच्या आणि मरीन ड्राइव्हच्या कडेनं आर्ट डेको शैलीतल्या इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अशा जुन्या घरांच्या न्हाणीघरांत कुठे कुठे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बाथटब अजून टिकून आहे. इमारतीच्या गोल बाल्कन्यांबद्दल सगळे हळहळतात. आतला टब मात्र नूतनीकरण निघालं की घणाखाली जातो आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. कारण एकच सांगितलं जातं : गंजला होता.

बिडाच्या टबाचा गंज बहुतेक वेळा दुरुस्त होतो. म्हणूनच घण उचलायच्या आधी हे काम नीट पाहायला हवं.

[दृश्य: जाळीभोवतीचा तपकिरी डाग, अगदी जवळून.]

टबाचा हा पांढरा थर रंगाचा नाही, काचेचा आहे. लालभडक तापलेल्या बिडावर काचेची पूड चाळणीनं भुरभुरवतात, ती वितळते आणि धातूला घट्ट धरते. अमेरिकेत जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांच्या बिडाच्या डोणीला असा मुलामा दिला, चार पाय जोडले आणि ती बाथटब म्हणून विकली, असं त्यांच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात.

काच गंजत नाही, पण फुटते. इनॅमलची ताटली हातातून पडली की कडेला काळा टवका उडतो, तसंच इथेही होतं. टवक्यातून पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो काचेखाली फुगतो, तिची कड उचलतो आणि शेजारचा पोपडा सोडवतो. वर रुपयाएवढा डाग दिसत असला, तरी आतलं नुकसान तळहाताएवढं असू शकतं.

[दृश्य: कारागीर डागावरून नख फिरवतो.]

आधी डाग की गंज, हे ठरवायचं. नख गुळगुळीत सरकलं, तर काच शाबूत आहे. जुन्या लोखंडी पाइपातून आलेल्या पाण्याचा तो नुसता डाग. लिंबाच्या फुलांच्या पाण्यानं, म्हणजे सायट्रिक ॲसिडनं, तो फिका पडतो. ब्लीच वापरू नये. त्यानं लोखंडाचा डाग जातच नाही, उलट पक्का होतो. संडासात टाकायचं ॲसिडही टबात नको, कारण ते काचेची झिलई खातं आणि खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर मळ आणखी बसतो. आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

नख अडकलं, तर खरं काम सुरू.

[दृश्य: वेस्ट कपलिंग काढलं जातंय. खाली कडक झालेला रबरी वॉशर.]

कपलिंग, म्हणजे पाणी जाण्याच्या भोकात बसवलेला जाळीचा भाग, उघडल्याशिवाय हात घालू नये. गंज बहुतेकदा त्याच्या कडेखालीच सुरू झालेला असतो, कारण तिथे ओल कधी सुटत नाही. सुटलेला प्रत्येक पोपडा पत्र्यानं खरवडून काढायचा. भोक मोठं होतंय म्हणून माणूस घाबरतो आणि मधेच थांबतो. इथेच दुरुस्ती फसते. काच घट्ट लागेल तिथपर्यंत जावंच लागतं.

मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, लोखंड चकाकेपर्यंत. नंतर कडा उतरत्या करायला २२० नंबर. घासकाम ओलं करायचं आणि तोंडावर धुळीचा मास्क लावायचा. जुन्या मुलाम्यात शिसं असू शकतं. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण लावलं की तो काळपट होऊन स्थिरावतो. त्यानंतर स्वच्छ धुणं.

आणि वाळवणं. मुंबईच्या जुलैत उघडं लोखंड काही तासांतच पुन्हा तांबूस होतं. म्हणून हेअर ड्रायरनं वाळवायचं, ॲसिटोननं पुसायचं, आणि वेळ न दवडता एपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा लगदा, भरायची. ॲसिटोन पेट घेतं. म्हणून पुसण्याआधी ड्रायर बंद आणि खिडकी उघडी हवी.

[दृश्य: पुट्टीचा पातळ थर. नंतर ४०० नंबरच्या पेपरनं घासणं. मग पांढऱ्या एपॉक्सी रंगाचे हात.]

पुट्टी एकदम जाड थापू नये, थरांनी भरावी. जुना पांढरा कधीच शुभ्र नसतो, म्हणून रंगात पिवळसर छटा मिसळावी लागते. डब्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत पाणी सोडायचं नाही, पावसाळ्यात तर आणखी थांबायचं. हे ठिगळ रंगाचं आहे, काचेचं नाही. भट्टी घरात आणता येत नाही. तरी टवका पुन्हा उघडा पडू दिला नाही, तर ते चांगलं टिकतं.

[दृश्य: काळा पडदा. नंतर मास्क लावलेला कारागीर, उघडी खिडकी.]

संपूर्ण टब नव्यानं रंगवायचा असेल, तर जुना थर उतरवण्याचं रसायन आधी तपासावं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब नव्यानं रंगवणारे १३ कामगार मिथिलीन क्लोराइडच्या वाफेनं दगावले. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि टबात साचून राहते. वाकून काम करणाऱ्याचं तोंड नेमकं तिथेच असतं. असं रसायन घरात आणू नये, कारागिरालाही वापरू देऊ नये.

[दृश्य: पातळ पत्र्याचा टब, तळाला आरपार भोक.]

दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या टबाला आरपार भोक पडलं असेल, तर खालून फायबर ग्लासची जाळी आणि एपॉक्सी लावून काही काळ निभावतं. भोकाभोवतीचा पत्रा दाबल्यावर लवत असेल, तर तो टब काढलेला बरा.

[दृश्य: कपलिंग नव्या वॉशरवर बसवलं जातंय, कडेनं सिलिकॉन.]

शेवटचं काम नळाचं. थेंबथेंब गळणाऱ्या नळाखाली टब कधी कोरडा होत नाही. नळाचा वॉशर बदलल्यावरच टब वापरायला द्यावा.