मेसच्या टेबलावरचा वर्ग

(दृश्य: वसतिगृहाची मेस. ताटं उचलली जाताहेत, टेबल पुसलं जातंय.)

नाशिकमधल्या एका नर्सिंग कॉलेजचं हे मुलींचं वसतिगृह. जेवणं आटोपली की याच टेबलावर वर्ग भरतो. शिकवणारी शेवटच्या वर्षाची ताई, शिकणाऱ्या पहिल्या सेमिस्टरच्या मुली. कुणी अक्कलकुव्याची, कुणी सुरगाण्याची. बारावी सायन्स झालीय, पण सर समजावून सांगायचे मराठीतच. इथे ॲनाटॉमीचं पुस्तक इंग्रजीत, पेपरही इंग्रजीत.

(दृश्य: वहीचं पान, जवळून. मग मुलींचे हात.)

वहीत तीन रकाने. इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, मग मराठी. पण ताई वही मिटायला लावते. "रेडियस कुठंय? हात लावून दाखव." कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं: अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. चुकलं तर पुन्हा, स्वतःच्याच हातावर. मग रक्तदाब. दंडाला कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, बांधायचा, कोपराच्या खोबणीत नाडी चाचपायची, हवा सावकाश सोडायची. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. घाई केली की दोन्ही निसटतात.

(दृश्य: संगणकासमोर दोघी, शेजारी कागदांची फाईल.)

हाही अभ्यासच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधार जोडलेलं बँक खातं. एका कागदावर नाव वेगळं पडलं की अर्ज अडकला. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. चांगलंच झालं. पण मेसचं बिल, गणवेश, एसटीचं भाडं त्यात येत नाही, आणि मुली अडतात त्या बहुतेक तिथेच.

(दृश्य: सकाळ. वॉर्डकडे निघालेली रांग.)

थिअरीला ८० टक्के हजेरी लागते. वॉर्डातली मात्र पदवीआधी १०० टक्के भरावीच लागते, मग घरी भाताची लावणी असो की बहिणीचं लग्न. काही जणी दिवाळीला घरी जातात, त्या परतत नाहीत.

(दृश्य: पुन्हा मेस.)

ताईची परीक्षा जवळ आलीय; पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, नोकरीची शोधाशोध. तिच्या जागी कोण, यावर सध्या खल चाललाय. नाव पुढे आहे ती दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणते, "हाडं मी शिकवीन ताई, फॉर्मचं मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्या."