चपला दाराबाहेर

[पहाट. पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना. मागांचा आवाज पूर्ण.]

सोलापूरच्या पूर्व भागात हा खडखडाट थांबला, की उलट झोप मोडते. धोटा इकडून तिकडे धावतो, खाली इंचाइंचानं टॉवेल वाढत जातो. मागावरच्या दादांचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, तसं त्यांना कबूल केलंय. त्यांचे हात बघा. धागा तुटला, की डोळ्याला दिसायच्या आत गाठ बसते. चार वर्षांपूर्वी ही गाठ जमत नव्हती. सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय थरथर थांबायची नाही.

[रस्ता. भिंतींवरच्या जाहिराती. मग सूप, तेंदूपत्ता, विड्या वळणाऱ्या बोटांचा क्लोजअप.]

‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा.’ भिंतीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर. वहिनींनी विड्या वळून जमवलेल्या पैशातून अशी पुडी दोनदा आणली, आमटीत कालवली. आमटी तेवढी कडू झाली. मधल्या काळात काम सुटलं, यकृताला सूज आली, मुलीची शाळा बंद पडली.

ज्या गटाची ही गोष्ट आहे, त्याचं नाव ह्या भिंतींवर सापडणार नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा, नाव उघड न करणारा गट; बोलीत ए.ए. आपला गाजावाजा करायचा नाही, हे त्यांच्या परंपरेतच बसतं. मग माणसानं शोधायचं कसं? दादांना सिव्हिलच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पत्ता लिहून दिला. त्याआधी आठवडाभर वॉर्डात ठेवून घेतलं, आणि ते बरंच केलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो.

[बंद पडलेला पीसीओ. लोंबकळणारा रिसीव्हर, धूळ.]

ह्या सगळ्याची सुरुवातही एका फोनवरून झाली. १९३५चा मे महिना. अमेरिकेतलं ॲक्रन गाव. न्यूयॉर्कहून आलेल्या बिल नावाच्या माणसाचा सौदा फिसकटला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज; दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला. मागणं एवढंच, की मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. फोनाफोनी करता करता गाठ पडली डॉक्टर बॉब ह्या सर्जनशी. बॉबनं शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ला. ए.ए. आपला जन्मदिवस तोच मानते. उपदेशाला न बधणारा माणूस त्याच वाटेनं गेलेल्याचं ऐकतो, हे त्या दोघांना तिथं उमगलं.

[संध्याकाळ. शाळेचं फाटक. चहाची टपरी.]

पत्ता खिशात आला तरी फाटक ते वर्ग हे पन्नास पावलांचं अंतर दादांना तीन फेऱ्या पुरलं. एकदा फाटकावरून परत. एकदा ओळखीचा दिसला म्हणून टपरीवर. तो ओळखीचाही तिथंच निघाला होता, हे तिसऱ्या फेरीला कळलं.

[वर्गाबाहेर चपलांची रांग. आत फक्त पाय, हात, चहाचे ग्लास.]

रबरी स्लिपर, कोल्हापुरी, पॉलिश केलेले बूट. दाराबाहेर सगळे एका ओळीत. आत चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. फळ्यावर सकाळचा सुविचार आणि पट, हजर, गैरहजर. तो कुणी पुसत नाही.

ह्या बैठकीला मात्र हजेरी नाही. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा असली, की माणूस सभासद. एक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि बोलू लागतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्लाही देत नाही. सोलापुरी माणसाला हे किती जड जात असेल! एक काका तेलुगूतच बोलतात; भाषांतर कुणी करत नाही, माना मात्र हलतात. जन्मभराच्या शपथा इथं चालत नाहीत. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या.

[बाकावर एक पेढा. हातात दारू सोडल्याचं पदक. इथे निवेदन थांबेल.]

घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा गट असतो. तिथं आम्ही कॅमेरा नेला नाही.

[फिरती पिशवी. नाणी, दहाच्या नोटा.]

खर्च सभासदांच्या ह्याच पिशवीतून. बाहेरची देणगी कितीही मोठी असली तरी ती घेत नाहीत. आठवड्यातून दीड तास, एक खोली, थोडा चहा. ह्या शहरात लग्नाच्या हॉलांना तोटा नाही, पण दारुड्यांची बैठक म्हटलं, की किल्ली सापडत नाही.

[कुलूप. किल्ली शिपाईमामांच्या हातात.]

मे महिन्यात शाळेची रंगरंगोटी आहे, हा वर्ग मिळणार नाही. पूर्व भागातच कुठं खोली मिळाली तर बरं, म्हणजे कारखाना सुटल्यावर चालत येता येईल. पंखा नसला तरी चालेल म्हणतात. सोलापुरात, मे महिन्यात! भाडं ते देतील.