पनीरच्या पाण्यातली साखर: कापणारं एन्झाइम जोडतं कसं?

(टेबलावर स्टीलचं पातेलं, त्यात पिवळट-हिरवट पाणी. कॅमेरा जवळ.)

हे बघा. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिठाईवाले मामा आहेत, सकाळी त्यांच्याकडनं आणलंय. पनीरचं पाणी, म्हणजे निवळी. 10 लिटर दुधाचं पनीर काढलं की 8 लिटरच्या आसपास हे उरतं. खानापूर, येळ्ळूरकडं कुणाच्या दारात म्हैस असली तर आंबोणात जातं. शहरात? सरळ गटारीत. आणि तिथं घाण वास मारतं, कारण ह्यात साखर आहे. 100 ग्रॅममागं साडेचार-पाच ग्रॅम लॅक्टोज.

नमस्कार मंडळी, बेळगावातनं बोलतोय. आज ह्या साखरेपासून पोटातल्या चांगल्या जिवाणूंचा खाऊ कसा करतात ते बघू.

लॅक्टोज म्हणजे दोन साखरांची जोडी, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ही जोडी तोडणारं एन्झाइम म्हणजे लॅक्टेज. (पुस्तकात 'विकर' लिहितात, खरं लॅबमध्ये तो शब्द मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.) बाळाच्या पोटात दुखतं म्हणून मेडिकलमध्ये थेंब मिळतात, त्यात हेच असतं. दुधात टाकलं तर दूध थोडं गोड लागायला लागतं. इथपर्यंत शाळेतलं ज्ञान.

आता गंमत. हे एन्झाइम जोडी तोडतं तेव्हा ग्लुकोज लगेच सुटून जातं. गॅलॅक्टोज मात्र क्षणभर एन्झाइमलाच चिकटून राहतं. मग जो पहिला जवळ येईल त्याच्या गळ्यात पडतं. पाण्याचा रेणू आला तर गॅलॅक्टोज मोकळं झालं, विषय संपला. खरं पाण्याऐवजी दुसरा लॅक्टोज आला तर? त्याला जाऊन चिकटतं. झाली की तीन साखरांची साखळी! परत तसंच झालं तर चारांची. ह्या साखळ्यांना गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड म्हणतात. तोंडात बसत नाही, म्हणून गॉस म्हणू.

म्हणजे सगळा खेळ शेजारी कोण आहे ह्याचा. हिशेब करून बघितला. दुधात एका लॅक्टोजमागं पाण्याचे साधारण 350 रेणू असतात. त्या गर्दीत लॅक्टोजचा नंबर लागणार कधी? तेच 40 टक्क्यांचं दाट द्रावण केलं की एका लॅक्टोजमागं पाणी उरतं 28. अजूनही पाणीच जास्त, खरं काही एन्झाइमांना पाण्यापेक्षा साखर धरायची ओढ जास्त असते, त्यामुळं जमतं.

अडचण अशी की लॅक्टोज विरघळायला महा आळशी. 25 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 20-22 ग्रॅम विरघळतं. जुन्या आइस्क्रीममध्ये दाताखाली वाळूसारखं कचकच लागतं ना, ते हेच. 60 अंशाला मात्र 60 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणून आधी निवळी आटवायची, तापवायची, आणि उष्णता सोसणारं एन्झाइम निवडायचं. पनीरचं पाणी आंबट असतं. त्याला अ‍ॅस्परजिलस ओरायझी ह्या बुरशीचं एन्झाइम बरं पडतं, ते आंबटात आणि 50 अंशाच्या पुढंमागं नीट चालतं. जपानी लोक सोया सॉसला हीच बुरशी वापरतात. चीजची निवळी असेल तर ती आंबट नसते, तिथं यीस्टचं एन्झाइम घेतात, साधारण 40 अंशाला.

(दोन काचपट्ट्या हातात.)

आता माझा गाढवपणा. शिकत असताना हा प्रयोग लावला आणि म्हटलं, रात्रभर ठेवू, जितका वेळ जास्त तितका माल जास्त. ह्या दोन पट्ट्या त्याच प्रयोगाच्या. पट्टीच्या तळाशी थेंब ठेवायचा, खालनं द्रव वर चढू द्यायचा, की प्रत्येक साखर आपापल्या उंचीला डाग सोडते. ही तीन तासांची. वरचा डाग ग्लुकोज-गॅलॅक्टोजचा, मधला लॅक्टोजचा, आणि खाली हे दोन पुसट डाग दिसतात? लांब साखळ्या रेंगाळत चालतात म्हणून खाली राहतात. तोच आपला गॉस. आणि ही सकाळची पट्टी. वर मोठा काळा ठिपका, खाली कोरं. कारण लॅक्टोज संपत आलं की तेच एन्झाइम स्वतः बांधलेल्या साखळ्या तोडून खातं! म्हणून मधेच थांबवायचं, 90 अंशाच्या वर काही मिनिटं तापवून एन्झाइम मारायचं. एवढं सांभाळलं तरी एकूण साखरेतला साधारण 30-40 टक्केच गॉस मिळतो. बाकी ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि उरलेलं लॅक्टोज. तेव्हा मधुमेहवाल्यांनी 'फायबर आहे' म्हणून हे मिश्रण, म्हणजे गॉसचं सिरप, चमच्यानं खाऊ नये.

खाल्ल्यावर काय होतं? आपल्या लहान आतड्याला ह्या साखळ्या तोडता येत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, आणि तिथल्या बायफिडोबॅक्टेरियांची, म्हणजे आपल्या चांगल्या जिवाणूंची, पंगत बसते. जास्त झालं तर गॅस होणार, हे आधीच सांगून ठेवतो. आईच्या दुधात अशा जातीच्या साखळ्या लिटरमागं 5 ते 15 ग्रॅम असतात, गाईच्या दुधात नावाला. म्हणून बाळाच्या डब्याच्या दुधात गॉस घालतात.

त्याचा एक भाऊबंद तुमच्या घरात असेलही. बद्धकोष्ठाला डॉक्टर लॅक्टुलोजचं सिरप देतात ना, ते. गॅलॅक्टोज अधिक फ्रुक्टोज. बहुतेक ते अल्कली वापरून करतात, खरं लॅक्टोजबरोबर फ्रुक्टोज ठेवलं तर एन्झाइमही करून देतं.

हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी कुंद्याची कढई हलवता हलवता एकच विचारलं, "ह्यात घातलं तर चालंल काय?" म्हटलं, चालेल की मामा, खरं आच उतरवा. गॉसच्या सिरपमधलं सुटं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज साध्या साखरेपेक्षा लवकर लाल होतं. तुमचा कुंदा रंगायच्या आधीच करपेल.