कवितेचा भाव आधी बोटांवर मोजावा

मित्रहो, कविता वाचून होते न होते तोच आपण ‘यातला भाव कोणता?’ असं विचारतो आणि करुण, शांत अशी नावं चिकटवून मोकळे होतो. आधी अक्षरं मोजू या. आजच्यासाठी रचलेली ही ओळ घ्या:

पाऊस दाटला मलप्रभेकाठी । थेंब पानांपाठी बोलतसे ॥

ओळीचे चार चरण, म्हणजे भाग; अक्षरं सहा, सहा, सहा, चार. ही मोठ्या अभंगाची मोजणी. (मलप्रभा ही नदी.) जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून ‘प्र’ एक. चूक होते ती ‘पाऊस’मध्ये. बोलताना शेवटचा ‘स’ आपण अर्धा सोडतो, छंदात तो पुरा मोजायचा. आपल्या बेळगावातल्या कन्नड वाचणाऱ्यांना हे सोपं जाईल, कारण तिथे लिहिलेला अकार उच्चारतातच. ‘मलप्रभेच्या काठी’ केलंत तर सात अक्षरं होतात आणि चाल अडखळते.

यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत: काठी, पाठी. ‘काठी’ला ‘ओठी’ जोडलं तर फक्त ‘ठी’ जुळतो, कानाला ते अपुरं वाटतं. चौथा चरण मोकळा. तीन वेळा सहा ऐकलेला कान पुन्हा सहाची वाट पाहतो आणि चारच मिळतात. उरलेली जागा गाणारा स्वर लांबवून भरतो; वाचणाऱ्याने तिथे थांबलं पाहिजे. माझ्या मते या ओळीतली सगळी हुरहुर त्या थांब्यातच आहे.

आता तोच पाऊस भुजंगप्रयात या वृत्तात:

नदीच्या किनारी उभा पावसाळा

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. लघु-गुरु-गुरु या तीन अक्षरांच्या गटाला ‘य’ गण म्हणतात; तो इथे चार वेळा. अक्षरं 12, मात्रा 20, सहाव्या अक्षरावर यती, म्हणजे किंचित विराम. मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणून पाहा, बरोबर बसेल. पावलं सारखी पडतात, रिकामी जागा कुठेच नाही. त्यामुळे हुरहुर जाऊन ठामपणा येतो. ‘किनारी’ऐवजी ‘तटावर’ घाला. मात्रा 20च राहतात, कारण ‘री’च्या दोन मात्रा ‘व’ आणि ‘र’ भरून काढतात. पण अक्षरं 13 होतात, दुसरा गण ‘ज’ (लघु-गुरु-लघु) होतो आणि वृत्त मोडतं. फक्त मात्रा मोजणाऱ्या मात्रावृत्तात जे खपतं ते लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या गणवृत्तात खपत नाही. लघु-गुरु लावताना आणखी एक जपा: ‘सत्य’मध्ये ‘स’वर पुढच्या जोडाक्षराचा आघात येतो, तो गुरु, ‘तुझ्या’मध्ये ‘तु’वर येत नाही, तो लघुच.

बेळगावात राहून एक गोष्ट सोडू नये. जुन्या कन्नड काव्यात प्रास, म्हणजे अक्षरांची जुळणी, ओळीच्या आरंभाजवळ असतो. कुमारव्यास या जुन्या कन्नड कवीच्या भामिनी षट्पदीत, म्हणजे सहा ओळींच्या छंदात, सहाही ओळींच्या दुसऱ्या अक्षराचं व्यंजन एकच येतं. आपलं यमक ओळ मिटवतं, तो प्रास ओळ उघडतो. म्हणून षट्पदी ऐकताना कान ओळीच्या सुरुवातीला लावा. अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी.