पुसण्याआधी पेनड्राइव्हवर पाहा

दृश्य : पराटीच्या शेताला लागून घर. ओसरीवर जुना कॉम्प्युटर, त्यावर धुळीसाठी टाकलेला टॉवेल.

निवेदन :
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन चालतंच आहे, पण नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षं जुना सीपीयू त्यात बसत नाही.

घरचं काम तरी काय? सातबारा काढायचा, महाडीबीटीचा अर्ज भरायचा, यूट्यूब पाहायचं. एवढ्याला लिनक्स मिंट पुरतं; विंडोजच्या जागी बसणारी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मेन्यू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे. हाताची सवय मोडत नाही. लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत, त्यात हिंडत बसू नका. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर, त्यावर हिशेब ठेवणाऱ्या कृषी केंद्रानं मात्र या वाटेला जाऊ नये.

मिंट ज्यात येतं ती आयएसओ फाइल ३ जीबीच्या आसपास असते. मोबाइलचा पॅक दिवसाला दीड जीबीचा असेल तर ती टॉरेंटनं, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी उतरवणाऱ्या पद्धतीनं, डाउनलोडला लावा. डेटा संपला, लाइन गेली, तरी दुसऱ्या दिवशी थांबली तिथूनच पुढे सुरू होते. मग एचर किंवा रूफस या सॉफ्टवेअरनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर मशीन त्यावरून सुरू (बूट) होणार नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, हेही ध्यानात असू द्या.

दृश्य : कीबोर्डवर बोट, एफ १२ चं बटण.

निवेदन :
चालू करताच डेलवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट तिथूनच उघडतं, हार्डडिस्कला धक्का लागत नाही. हळू चालेल; तो दोष पेनड्राइव्हचा.

आता खरी परीक्षा. वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला द्या, आणि वायफायसारख्या भागांना चालवणारं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) शोधायला मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा. प्रिंटर हा सगळ्यात मोठा अडसर. एचपी लेझरजेट १०२० ला नेटवरून एक प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, घ्यावं लागतं. कॅनन एलबीपी २९०० चा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि तो बरेचदा रुसतो. मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये इन्स्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी जोडा. कृतिदेव या फॉन्टमधली जुनी फाइल इंग्रजी अक्षरांचा काला दिसली तर विंडोजमधून त्या फॉन्टची फाइल आणून बसवा.

सगळं जमलं तरच इन्स्टॉल. ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की सी सोबत डी ड्राइव्हही जातो. डी म्हणजे वेगळी डिस्क नव्हे, बहुतेक घरांत त्याच डिस्कचा तो दुसरा कप्पा असतो. लग्नाचे फोटो नेमके तिथंच ठेवलेले असतात; आधी बाहेर काढा.

आणि भारनियमनाची वेळ पाहून बसा. फाइली चढत असताना लाइन गेली, तर पुन्हा पहिल्यापासून.