अल गोर जिंकले असते तर: हिशेब कुठून मांडायचा

श्रोतेहो, नमस्कार.

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून जर-तरच्या गोष्टी आपण हसण्यावारी नेतो. ते बहुतेक वेळा योग्यच असतं. पण 2000 सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ही जर-तर फक्त 537 मतांवर येऊन थांबली होती. जवळजवळ 60 लाख लोकांनी मतदान केलेल्या फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश एवढ्याच मतांनी डेमोक्रॅट अल गोर यांच्या पुढे राहिले. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या निर्वाचक मतांवर. फ्लोरिडाची सगळी 25 निर्वाचक मतं बुश यांच्या खात्यात पडली आणि त्यांची बेरीज 271 झाली. जिंकायला 270 लागतात. देशभरातली मतं मोजली, तर गोर सुमारे 5 लाख 43 हजारांनी पुढे होते.

गोर अध्यक्ष झाले असते तर काय, हे लिहायला बसलेले बहुतेक जण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात: सर्वोच्च न्यायालयानं फेरमोजणी थांबवली नसती तर? फ्लोरिडाच्या न्यायालयानं 8 डिसेंबरला फेरमोजणीचा हुकूम दिला, दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनहून 5 विरुद्ध 4 मतांनी स्थगिती आली आणि 12 तारखेला निकाल लागला. प्रसंग नाट्यमय आहे, पण पाया म्हणून कच्चा. ज्या मतपत्रिकांवर यंत्राला अध्यक्षपदासाठी एकही मत सापडलं नव्हतं, फक्त त्यांचीच मोजणी त्या हुकमात होती. वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांच्या गटानं शिकागो विद्यापीठातल्या संशोधन केंद्राकडून राज्यातल्या सुमारे 1 लाख 75 हजार बाद मतपत्रिका नंतर तपासून घेतल्या. त्यातून दिसलं, की हुकमाप्रमाणे मोजणी झाली असती तरी बुशच काही शे मतांनी जिंकले असते. गोर यांनी स्वतः मागितलेल्या चार काउंट्यांपुरती, म्हणजे जिल्ह्यांपुरती, मोजणी केली, तरीही बुशच. राज्यभरातल्या सगळ्या बाद मतपत्रिका मोजल्या, म्हणजे दोन-दोन खुणा असलेल्याही धरल्या, तरच गोर पुढे जातात, आणि तेही निकषाप्रमाणे 60 ते 171 मतांनी. तशी मागणी गोर यांच्या वकिलांनी केलीच नव्हती.

बरं, समजा जिंकले 100 मतांनी. पुढची वाट बघा. फ्लोरिडाचं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात होतं आणि आपले वेगळे निर्वाचक नेमायच्या तयारीत होतं. मग 6 जानेवारीला काँग्रेसपुढे एकाच राज्याच्या दोन याद्या आल्या असत्या. प्रतिनिधिगृह रिपब्लिकन. सिनेट 50-50, आणि तिथे बरोबरी फोडणारे उपाध्यक्ष खुद्द गोर. दोन सभागृहांचं पटलं नाही, तर 1887 च्या कायद्याप्रमाणे गव्हर्नरची मोहोर असलेली यादी धरायची. गव्हर्नर कोण? जेब बुश, उमेदवाराचे सख्खे भाऊ. ही वाट फिरून बुश यांच्याच दाराशी येते.

म्हणून सुरुवात कोर्टातून नको, छापखान्यातून करा.

पाम बीच काउंटीत पंचकार्डानं मतदान होई. यंत्राच्या खाचेत कार्ड सरकवायचं, वर उमेदवारांच्या नावांची पुस्तिका, नावासमोरच्या छिद्रात टोचणी दाबायची, की कार्डातला चौकोनी तुकडा, म्हणजे चॅड, खाली पडतो. खालच्या कप्प्यात आधीचे तुकडे साचले असतील, किंवा कार्ड पूर्ण आत गेलं नसेल, तर तुकडा सुटत नाही. एका-दोन कोपऱ्यांवर लोंबत राहतो किंवा नुसताच खळगा पडतो. मोजणीयंत्रातला उजेड आरपार जात नाही आणि मत कोरं ठरतं. फेरमोजणीत हे खळगे धरायचे की नाही, यावर काउंटीगणिक वेगळा नियम लावला गेला, आणि न्यायालयात नेमकं तेच अंगाशी आलं.

पण पाम बीचला बुडवलं ते दोन खुणांच्या मतांनी. छोट्या पक्षांना मतपत्रिकेवर येणं 1998 च्या घटनादुरुस्तीनं सोपं झालं होतं, त्यामुळे अध्यक्षपदाला दहा उमेदवार होते. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर पसरली. छिद्रांची रांग मधोमध. डाव्या पानावर पहिले बुश, दुसरे गोर. उजव्या पानावर पहिले छोट्या रिफॉर्म पक्षाचे पॅट बुकॅनन. छिद्रांचा क्रम मात्र पहिलं बुश, दुसरं बुकॅनन, तिसरं गोर. दुसरं नाव म्हणून दुसरं छिद्र दाबलं, की मत बुकॅनन यांना. त्यांना या काउंटीत 3,400 च्या वर मतं मिळाली. टपालानं आलेल्या मतांत ही मांडणी नव्हती. मतदानकेंद्रांवरचं त्यांचं प्रमाण टपाली मतांच्या जवळजवळ चौपट होतं. चूक लक्षात आल्यावर काहींनी गोर यांचंही छिद्र दाबलं. गोर आणि बुकॅनन अशी दोन्ही छिद्रं पडलेली सुमारे 5,300 कार्डं बाद झाली. गोर आणि त्यांच्या खालच्या छिद्राची आणखी सुमारे 2,900. बुश आणि बुकॅनन अशी सुमारे 1,600. वजाबाकी करा: निव्वळ 6,600 च्या आसपास मतं गोर यांची. फरक होता 537.

इथे एक खड्डा आहे. समोरासमोरची पानं नकोत म्हणून नावं एकामागच्या एका पानावर टाकली, तर आणखी वाईट. डुव्हाल काउंटीत तेच केलं होतं. प्रत्येक पानावर मत द्या, अशी सूचना नमुना मतपत्रिकेवर होती. लोकांनी ती पाळली आणि 20 हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. तेव्हा आपल्या कथेत अक्षर बारीक करायचं आणि दहाही नावं एकाच पानावर बसवायची. एवढा एकच बदल करायचा. गोर काही हजारांनी पुढे, निर्वाचक मतं 292 विरुद्ध 246, कोर्टाचं नाव नाही. न्यू हॅम्पशायरमधूनही जाता येतं, तिथल्या 4 मतांनीही गोर यांचं भागलं असतं. पण तिथे 7,211 मतांचा फरक होता, म्हणजे हजारो माणसांचं मन बदलावं लागतं. पाम बीचला कुणाचंच मन बदलावं लागत नाही.

आता 20 जानेवारी 2001. गोर यांची पहिली अडचण त्यांच्याच उपाध्यक्षांपासून सुरू होते, आणि बहुतेक कथा इथेच घसरतात. जो लिबरमन उपाध्यक्षपदाबरोबर कनेक्टिकटमधून सिनेटचीही निवडणूक लढत होते, आणि ती जिंकले. उपाध्यक्ष झाल्यावर ती जागा सोडणं भाग. रिकाम्या जागी नेमणूक करणार गव्हर्नर जॉन रोलंड, रिपब्लिकन. म्हणजे 50-50 चं सिनेट 51-49 होतं आणि समित्यांचे अध्यक्ष विरोधी पक्षाचे. व्हर्मॉन्टचे सिनेटर जिम जेफर्ड्स मे 2001 मध्ये रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले आणि सिनेट डेमोक्रॅटांकडे गेलं खरं, पण ते बुश सरकारवर नाराज होऊन. इथे बुशच नाहीत.

हवामानाचे कैवारी अध्यक्ष म्हणून क्योटो करार, म्हणजे हवामान तापवणारे वायू कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार, मंजूर, असं लिहून मोकळं होऊ नका. करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये 67 मतं लागतात, आणि 1997 मध्ये याच सिनेटनं विकसनशील देशांना सूट देणाऱ्या कराराविरुद्ध 95-0 असा ठराव केला होता. गोर यांनी करार धुडकावला नसता, टेबलावर ठेवला असता. बुश यांची 2001 ची मोठी करकपात मात्र नक्की झाली नसती.

11 सप्टेंबर? हल्ल्यातल्या चारपैकी तीन वैमानिक 2000 च्या मध्यापासून फ्लोरिडातच विमान चालवायला शिकत होते. निवडणुकीच्या निकालानं त्यांचा बेत बदलत नाही. गोर यांच्या हाताखाली हल्ला टळला असता असं लिहायचं असेल, तर कोणत्या खात्यानं कोणता कागद कुणाला दाखवला, हे सांगावं लागेल. अफगाणिस्तानचं युद्ध जवळजवळ तसंच. इराकचं बहुधा नाही. सप्टेंबर 2002 मध्ये गोर यांनी त्याविरुद्ध जाहीर भाषण केलं होतं. तरी लिबरमन त्या युद्धाचे खंदे समर्थक होते, हे विसरू नका.

आपल्या बाजूला याचा धागा तारापूरपर्यंत येतो. तिथल्या पहिल्या दोन अमेरिकन अणुभट्ट्यांचं इंधन अमेरिकेच्या 1978 च्या अणुप्रसारबंदी कायद्यानंतर अडलं आणि फ्रान्स, चीन, रशियाकडून आणावं लागलं. ही कोंडी फुटायची सुरुवात झाली ती जुलै 2005 मध्ये, मनमोहन सिंग आणि बुश यांच्या नागरी अणुसहकार्यावरच्या संयुक्त निवेदनानं. तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी अनिल काकोडकर होते. गोर अणुचाचणीबंदी कराराच्या बाजूचे होते, आणि पोखरणनंतर भारतानं त्यावर सही करावी असा क्लिंटन सरकारचा आग्रह होता. तो आग्रह चालू राहिला असता. भारतासाठी कायद्यातून वाट काढायची तयारी गोर यांनी दाखवली असती, हे मला अवघड वाटतं.

आणि सर्वोच्च न्यायालयातल्या 2005 च्या नेमणुका गोर यांच्या नावावर आपोआप टाकू नका. त्या वर्षी न्यायमूर्ती ओकॉनर यांनी निवृत्ती जाहीर केली, सरन्यायाधीश रेनक्विस्ट वारले. या दोन्ही जागा 2004 च्या विजेत्याच्या, म्हणून ती निवडणूक कथेत पुन्हा लढवावी लागते. त्यात एक तपशील सांभाळा. खऱ्या इतिहासात फ्लोरिडानं 2001 मध्ये पंचकार्डं बंद केली आणि ती यंत्रं बदलायला 2002 च्या कायद्यानं केंद्राचा पैसा आला, तो या गोंधळामुळेच. आपण मतपत्रिका आधीच सुधारली, गोंधळ झालाच नाही. तेव्हा 2004 मध्ये पाम बीचच्या टेबलांवर तीच टोचणीची यंत्रं असतील.